फिगोची चाकं स्विफ्टला बसवावीत का?

मिरजेच्या एका वाचकाचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देतो.

‘दादा, नमस्कार. माझी २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय आहे, १४ इंची लोखंडी रिमची. माझ्या मेहुण्याने त्याची फोर्ड फिगो विकली, तेव्हा तिची १५ इंची मॅग व्हील्स टायरसकट काढून ठेवली होती. ती चारही त्याने मला दिली. पैसे घेतले नाहीत. टायरवाल्याकडे नेली तर एक भोक स्टडवर घातलं की समोरचं येतच नाही. तो म्हणाला, पीसीडी वेगळा आहे, बसणार नाहीत. दुसरा म्हणाला, चार एमएमचा तर फरक, लेथवर भोकं ओढून देतो. तिसरा म्हणतो, मधे प्लेट टाकू, गाडी रुंदही दिसेल. बायको म्हणते, भावाने एवढ्या प्रेमाने दिलीत, तर बसवून घ्या. गणपतीला आंबा घाटातून रत्नागिरीला जायचंय, आईवडील आणि दोन मुलं गाडीत असतील. तीन जणांचं तीन प्रकारचं बोलणं. कोणाचं ऐकू?’

नमस्कार.

पहिल्याचं ऐका. ती चाकं तुमच्या गाडीला लावू नका. भोकं ओढून तर अजिबात नको, आणि घाटात आईवडिलांना घेऊन जाणाऱ्या गाडीला प्लेट टाकूनही नको, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसतं ‘नको’ म्हणून थांबलो तर उद्या चौथा कोणी भेटेल आणि ‘होतंय की हो’ म्हणेल. म्हणून कारणं नीट सांगतो.

चाक गाडीच्या ज्या गोल भागावर बसतं तो हब, आणि त्यातून बाहेर आलेले आट्यांचे दांडे म्हणजे स्टड. पीसीडी म्हणजे हबवरच्या सगळ्या स्टडच्या मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. तुमच्या स्विफ्टचा ४×१०० आहे, म्हणजे चार स्टड आणि १०० एमएमचं वर्तुळ. फिगोचा ४×१०८. व्यासात फरक ८ एमएमचा, म्हणजे प्रत्येक भोक त्याच्या स्टडपेक्षा ४ एमएम बाहेर. दुसऱ्या दुकानदाराने सांगितलेला ‘चार एमएम’ तो हाच. त्याचा आकडा बरोबर आहे, त्यातून त्याने काढलेला अर्थ चुकीचा आहे. १२ एमएमच्या स्टडला ४ एमएम म्हणजे जाडीचा तिसरा हिस्सा.

आता गाडीचं वजन चाक कशावर पेलतं ते बघा. बहुतेकांना वाटतं की चाक स्टडवर टांगलेलं असतं आणि नट ते निसटू देत नाही. प्रत्यक्षात नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने रिमचा मागचा सपाट भाग हबच्या तोंडावर दाबून धरला जातो. सुतार दोन फळ्या शिकंज्यात आवळतो तसंच हे आहे. फळ्या सरकत नाहीत त्या मधल्या दाबामुळे. स्वच्छ, कोरड्या आट्यांवर १२ एमएमचा नट १०० न्यूटन-मीटरने आवळला, तर तो एकटा सुमारे चार टनांचा दाब देतो. असे चार नट. ब्रेक मारताना, वळणावर, खड्ड्यात आपटल्यावर जे जोर येतात ते या दाबातून तयार झालेलं घर्षण झेलतं. हे घर्षण पुरेसं असेल तोवर स्टडवर आडवा मार येत नाही. ते कमी पडलं की रिम हबवर सूतभर पुढेमागे सरकायला लागतं, नट आपोआप सैल होतो, आणि मग प्रत्येक फेऱ्याला स्टड वाकतो, सरळ होतो. स्टड तुटतात ते असे. पोलादाची तार मागेपुढे वाकवत राहिलं तर तुटते, तोच प्रकार.

हा दाब पूर्ण मिळायचा तर नटाचं तोंड रिमच्या भोकात सगळ्या बाजूंनी सारखं टेकलं पाहिजे. तुमच्या मारुतीचे नट शंकूसारख्या, ६० अंशांच्या तोंडाचे आहेत, आणि भोकातही तसाच शंकू कापलेला असतो. दोन्ही एकमेकांत बसतात तेव्हा चाक आपोआप मध्यावर येतं. आता त्या भोकाची कड आतल्या बाजूला ४ एमएम कापली तर शंकूचा तेवढा भाग गेला. नट उरलेल्या चंद्रकोरीएवढ्या कडेवर टेकणार. हाताला तो घट्ट लागेल, पान्यालाही घट्ट लागेल. पण ती कड ॲल्युमिनियमची. काही किलोमीटर गेल्यावर ती दबणार, ताण निघून जाणार, आणि नट सैल झालेला बाहेरून दिसणारही नाही.

असं एक रिम मी हातात घेऊन पाहिलंय. बाहेरून चकचकीत, पॉलिश केलेलं. पालथं केलं तर हबला टेकणाऱ्या सपाट भागावर भोकांभोवती काळी, चिकट भुकटी. ती ॲल्युमिनियमची होती. रिम हबवर घासत होतं त्याची. भोकं गोल राहिली नव्हती, अंड्याच्या आकाराची झाली होती, आणि एका भोकाच्या आतल्या बाजूला स्टडच्या आट्यांचे ठसे उमटले होते, एकाखाली एक, मोजता येतील असे. गाडीवाल्याची तक्रार एवढीच होती की साठच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं, म्हणून तो बॅलन्सिंग करायला आला होता. कोणाच्याही गाडीचं चाक काढल्यावर अशी काळी भुकटी किंवा नटापासून बाहेर पसरलेल्या गंजाच्या रेघा दिसल्या, तर ते चाक तसंच परत लावू नये.

एका अर्थाने तुमचं बरं झालं. १०० आणि १०८ मध्ये इतका फरक आहे की चाक स्टडवर चढतच नाही. खरा धोका चढणाऱ्या चाकांत आहे. जुन्या फियाट पालिओचा पीसीडी ४×९८. त्याचं रिम १०० च्या हबवर जोर लावून चढवता येतं. तसंच फोक्सवॅगन-स्कोडाच्या मोठ्या गाड्यांचं ५×११२ आणि क्रेटा, ब्रेझा यांचं ५×११४.३. फरक फक्त २.३ एमएम. चाक चढतं, नट तिरका का होईना पण फिरतो, एअर गनने धडधड आवळला की बसलाही वाटतो. तो स्टड मात्र पहिल्या दिवसापासून वाकलेला असतो. ९८ ला १०० बसवण्यासाठी सैल शंकूचे खास बोल्ट मिळतात, त्यांना वॉबल बोल्ट म्हणतात. पण ते असल्या एकदोन एमएमच्या फरकासाठीच बनवलेले असतात. ८ एमएमसाठी कोणी ते सुचवलं तर दुकान बदला.

म्हणून ‘चढलं म्हणजे बसलं’ असं धरू नका, पीसीडी मोजा. चार स्टडचं सोपं आहे. समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं. पाच स्टड असतील तर समोरासमोर कोणी नसतं, म्हणून शेजारच्या दोन स्टडमधलं अंतर मोजून १.७०१ ने गुणायचं. ११२ च्या गाडीत ते अंतर ६५.८ येतं आणि ११४.३ च्या गाडीत ६७.२. टेपवर हा फरक कळत नाही, बारीक माप घेणारा व्हर्नियरच लागतो. बऱ्याचशा रिमच्या मागे पीसीडी, रुंदी आणि ‘ईटी’ नावाचा ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारा भाग रिमच्या रुंदीच्या मध्यापासून किती एमएमवर आहे तो आकडा, कोरलेलाही असतो. मोजण्याआधी चाक पालथं करून चिंधीने पुसून बघा.

आता तिसऱ्या दुकानदाराची प्लेट. तिला ॲडॅप्टर म्हणतात, आणि ती नुसती फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. नीट बनवलेला ॲडॅप्टर ही गंभीर वस्तू आहे. ओतीव नव्हे, घडीव ॲल्युमिनियमचा, सहसा ६०६१ किंवा ७०७५ जातीचा. आतल्या बाजूने तुमच्या हबवर अचूक बसणारा, बाहेरच्या बाजूला नव्या चाकाचं मधलं भोक पेलणारी कड असलेला, आणि नवे स्टड मागून दाबून बसवलेले. तो आधी तुमच्या चार स्टडवर आवळायचा आणि मग चाक त्याच्या स्टडवर. अडचण अशी की तुमचे नट त्याच्या जाडीत लपले पाहिजेत, म्हणून २० एमएमपेक्षा बारीक ॲडॅप्टर या कामाला चालत नाही.

म्हणजे चाक २० एमएम बाहेर आलं. चाकाचा ऑफसेट ४० असेल तर तो २० झाल्यासारखा. तिसरा दुकानदार ‘गाडी रुंद दिसेल’ म्हणतो ती हीच रुंदी, दोन्ही बाजू मिळून ४० एमएम. कंपनीने स्टेअरिंगची भूमिती ठरवताना चाक कुठे असेल ते धरलेलं असतं. चाक बाहेर सरकलं की खड्ड्यात स्टेअरिंग हातातून ओढलं जातं, एका चाकाला ब्रेक जास्त लागला तर गाडी जास्त ओढते, आणि बेअरिंगवर पडणारा भार बाहेर सरकल्याने ते लवकर आवाज करायला लागतं. पाच माणसं आणि डिकीत सामान घेऊन मागचं सस्पेन्शन दबलं की टायर मडगार्डच्या कडेला घासेल की नाही हे रिकाम्या गाडीवर कळतच नाही.

आणि स्टेपनी! हे त्या दुकानदाराने तुम्हाला सांगितलंय का विचारा. तुमची स्टेपनी ४×१०० ची आहे. ॲडॅप्टरचे स्टड ४×१०८ चे. आंबा घाटात पावसात टायर फुटला तर जॅक लावून, चाक काढून, मग ॲडॅप्टरचे चार नट काढून ॲडॅप्टर उतरवावा लागेल, तेव्हा कुठे स्टेपनी बसेल. त्या खोबणीतले नट काढायला गाडीतला पाना आत शिरत नाही, पातळ भिंतीचा सॉकेट लागतो. शिवाय चाकाचे नट वेगळे, ॲडॅप्टरचे वेगळे. आटेही वेगळे असू शकतात. रात्री साडेनऊला, वळणावर, मागे ट्रक येत असताना हे करायचं.

कोणी आणखी एक तोड सुचवेल: जुनी भोकं वेल्डिंगने बुजवून नवी पाडायची, किंवा जुन्या भोकांच्या मधे १०० च्या वर्तुळावर आणखी चार पाडायची. मॅग व्हील ओतल्यानंतर त्याला उष्णतेची प्रक्रिया देऊन ताकद आणलेली असते. वेल्डिंगच्या आचेने तेवढ्या जागेची ती ताकद जाते, आणि ती जागा नेमकी नटाखालची. मधली चार भोकं पाडायची म्हटलं तर तिथे बहुतेक रिममध्ये भरीव धातूच नसतो, वजन वाचवायला मागून पोकळी ठेवलेली असते. बाजारात आठ भोकांची रिमं मिळतात, ४×१०० आणि ४×१०८ दोन्हींची. ती वेगळी गोष्ट. ती ओततानाच तशी घडवलेली असतात. मॅग व्हीलची चाचणी म्हणजे काय, तर वळणावरचा मार लाखो फेऱ्या देऊन बघणं, भाराखाली फिरवत ठेवणं आणि वजन आदळून बघणं. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय या संस्थेत अशी कामं चालतात. रिम त्यातून पास होतं ते त्याच्या मूळ भोकांसकट. लेथवर ती बदलली की ते रिम कोणी तपासलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा.

कायद्याचंही थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा बजावलं. न कळवलेला बदल दिसला तर विमा कंपनी दावा अडवू शकते. पण तुम्हाला थांबवायला मला कायद्याची गरज वाटत नाही. मागच्या सीटवरची दोन मुलं पुरेशी आहेत.

मेहुण्याच्या चाकांवर टायर आहेत म्हणालात. त्यावर १९५/५५ आर१५ लिहिलेलं असेल तर त्या टायरचा व्यास तुमच्या १६५/८० आर१४ पेक्षा जवळजवळ २४ एमएमने कमी आहे. म्हणजे गाडी १२ एमएम खाली बसेल आणि स्पीडोमीटर सुमारे चार टक्के जास्त दाखवेल. हे काही जिवावरचं नाही. टायरचं वय मात्र बघा. बाजूच्या भिंतीवर चौकटीत चार आकडे असतात. ३३१९ असेल तर २०१९ चा तेहतिसावा आठवडा. जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी कडक होतो, आणि पावसात घाटातल्या रस्त्यावर धरत नाही.

मग मॅग व्हीलची हौस सोडायची का? मुळीच नाही. मला ती हौस कळते, गाडी खरंच देखणी दिसते. तुमच्या गाडीला हवं ते असं: ४×१००, मधलं भोक ५४.१, नट एम१२×१.२५ (१२ एमएमच्या स्टडचा, एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंत १.२५ एमएम), शंकूच्या तोंडाचा. सगळ्यात निर्धोक म्हणजे स्विफ्टच्याच झेडएक्सआयची कंपनीची १५ इंची, १८५/६५ आर१५ टायरवाली. जुनी चांगल्या अवस्थेत मिळतात. व्यास तुमच्या सध्याच्या टायरएवढाच, दोनेक एमएमचा फरक. ऑफसेट, रुंदी, सगळं कंपनीने याच गाडीसाठी ठरवलेलं.

दुसऱ्या गाडीची घ्यायची झाली तर पीसीडी जुळला एवढ्यावर जाऊ नका. होंडा सिटीचं रिम ४×१०० आहे, तुमच्या स्टडवर सुरेख चढेल. पण त्याचं मधलं भोक ५६.१ आहे, तुमचा हब ५४.१. ती फट भरायला हबरिंग लागेल, आणि ती प्लॅस्टिकपेक्षा ॲल्युमिनियमची घ्या, घाटात ब्रेक तापतात. त्याहून महत्त्वाचं, होंडाच्या कंपनीच्या रिममध्ये नटाची जागा शंकूची नसते, गोल वाटीसारखी असते. तुमचा शंकूचा नट त्या वाटीत फक्त एका बारीक रेषेवर टेकतो. होंडाचेच नट वापरावेत तर त्यांचे आटे १.५ चे, तुमच्या स्टडचे १.२५ चे. सुरुवातीला दोन फेरे जातात, मग अडतो, आणि दुकानातल्या पोराने एअर गन लावली की स्टडचे आटेच जातात. ह्युंदाई आय२० चं रिम पीसीडी आणि मधलं भोक दोन्हींत तुमच्याशी जुळतं, तरी नट तिचे चालत नाहीत, १.५ चेच. रिम कोणाचंही असो, आटे तुमच्या स्टडचे आणि तोंड त्या रिमचं, असा नट पाहिजे. तो हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. हाताने फिरत नसेल तर पाना लावू नका.

राहिला मेहुणा. मला वाटतं पत्र लिहिण्यामागे निम्मी काळजी ती आहे. त्याला स्वतः फोन करा, बायकोमार्फत निरोप नको. सरळ सांगा, ‘भाऊ, चाकं मनापासून आवडली, पण फोर्डचा पीसीडी १०८ आणि आपला १००, बसवायची तर भोकं कापावी लागतात.’ ज्याने फिगो चालवली, सांभाळली, तिची चाकं काढून जपून ठेवली, त्याला हे एका वाक्यात कळेल. त्याच्याच परवानगीने ती विकायला काढा. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, पण फिगो आणि ॲस्पायर अजून रस्त्यावर आहेत, आणि कंपनीची जुनी चाकं त्या मालकांच्या कामाची आहेत. विकताना ‘४×१०८, मधलं भोक ६३.४, भोकं न कापलेली’ असं स्पष्ट लिहा. आलेले पैसे स्विफ्टच्या चाकांत घाला आणि पहिल्या फेरीला मेहुण्यालाच शेजारी बसवा.

नवी चाकं बसवताना हबचं तोंड तारेच्या ब्रशने घासून घ्यायला सांगा, गंजाचा पापुद्रा मधे राहिला तर आवळलेला नट नंतर ढिला पडतो. आट्यांना तेल-ग्रीस नको. नट समोरासमोर, आडव्या क्रमाने हाताने लावायचे आणि शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत. गन फक्त काढायला. स्टेपनी लोखंडीच राहणार असेल तर मूळचे नट डिकीत ठेवा. पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की पुन्हा एकदा टॉर्क पाना लावायचा असतो. मिरजेहून कोल्हापूरला जाऊन आलात की तेवढं अंतर होतं. ते गणपतीच्या निदान आठवडाभर आधी करा, म्हणजे काही ढिलं निघालंच तर ते गावात कळेल.